माझ्या हातचे खड्डे

दादा, शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाल. अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर मी लिहिलं ते किराण्याच्या याद्या आणि बेअरिंगच्या बुशांची मापं, एवढंच. पानाखाली रेघांचा कागद धरून लिहितेय, तरी ओळ शेवटी खाली घसरतेच. एकदा एका बुशाला चिकटवायला मी गिऱ्हाइकाचं नाव लिहून दिलं होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "मंदे, हे नाव आहे की गोगलगाय चालून गेलीये?" मी हसले होते. मग तू तो कागद फाडलास आणि स्वतःच्या अक्षरात दुसरा लिहिलास. तेव्हा मला हसू आलं नव्हतं, पण ते तुला कळू दिलं नाही. असं बरंच काही तुला कळू दिलं नाही. आता दुकानातल्या जुन्या वहीची मागची कोरी पानं आहेत, आणि हे कुणी वाचणार नाही.

तुझ्या दहाव्याला खूप माणसं आली होती. सगळ्या पट्ट्यातले वर्कशॉपवाले, पंपवाले, दिवाळे गावचे होडीवालेसुद्धा. जो तो तुझ्या हाताबद्दल बोलत होता. असा हात पुन्हा व्हायचा नाही म्हणाले. बुश बसवला की एवढा मोठा शाफ्ट नुसता बोटाने फिरायचा, म्हणाले. वहिनी डोळ्याला पदर लावून ऐकत होती. मी कपात चहा ओतत होते. एकाने कप घेताना माझ्या अंगठ्याजवळचा घट्टा पाहिला आणि म्हणाला, घरकाम फार पडतं वाटतं ताई. मी मान हलवली.

तो घट्टा बुश खरवडायचा स्क्रेपर धरून पडलेला आहे. तुझ्या अंगठ्याला तसा कधीच नव्हता. तुला अग्नी दिला त्या दिवशीही नव्हता, मी पाहिलं.

तुझं चांगलं काही आठवत नाही असं नाही. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि तू दहावीत. बाबांची कंपनीत पाळी असायची, घरात कुणीतरी चूल सांभाळायला हवी होती. शाळा माझी सुटली. ते तू ठरवलं नव्हतंस, ते कुणीच ठरवलं नव्हतं, आपोआप तसं झालं. तू आयटीआयला गेलास, मी डबा भरून दिला. पुढे माझं लग्न मोडलं आणि मी एक पिशवी घेऊन दिघ्याला तुझ्या गाळ्यापाशी उभी राहिले, तेव्हा तू एकही प्रश्न विचारला नाहीस. वहिनीलाही विचारू दिला नाहीस. गाळ्यावरचा पोटमाळा झाडून घेतलास, पंखा लावलास आणि म्हणालास, "जेवली का?" त्यासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. तू मला मिंधी कधी म्हटलं नाहीस, पण मी स्वतःला म्हणत राहिले आणि तुला ते ठाऊक होतं.

गाळ्यात पुढे लेथ आणि तुझं टेबल, मागे निळ्या ताडपत्रीचा पडदा, आणि पडद्यामागे मी. सुरुवातीला नुसती पुसापुशी करायचे. मग तू सगळं काम दाखवलंस. शाफ्ट ज्यात फिरतो त्या झिजलेल्या बुशातला जुना व्हाइट मेटल वितळवून काढायचा, नवा ओतायचा, लेथवर आतून भोक करायचं. मग शाफ्टला निळा रंग लावून बुशात फिरवायचा. जिथे निळं उमटतं तिथे उंचवटा आहे, तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. एका बुशाला कधी दोन दोन दिवस लागायचे. पहिल्याच आठवड्यात तू एक नियम सांगितलास: व्हाइट मेटलला पॉलिश पेपर कधी लावायचा नाही. धातू मऊ, पेपरचे कण त्यात रुतून बसतात, आणि मग तोच बुश शाफ्टला कानशीसारखा खातो. हे तू सांगितलेलं आहेस, दादा. मी नाही शोधून काढलं.

खड्डे मात्र मी शोधले.

आठवतं का, रस्त्यावर पाट्याला टाकी लावणारी बाई आली होती. मी पोटमाळ्यावरचा पाटा तिच्याकडून टाकवून घेतला. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर खोबरं नुसतं घसरत होतं, पाणी बाजूने ओघळून जात होतं. टाकी लावल्यावर प्रत्येक टिंबात पाण्याचा थेंब धरून राहिला. मी खाली आले आणि तुला म्हटलं, आपण बुशाचं निळं जुळवल्यावर वरून बारीक खड्डे सोडले तर? तेल त्यांत राहील. शाफ्ट थांबला तरी तेल आतच असेल, पुन्हा फिरायला लागला की पहिल्या फेऱ्याला कोरडा घासणार नाही.

तू मोठ्याने हसलास. म्हणालास, "अगं, पाटा वाटायला असतो. बेअरिंगला काही वाटायचं नसतं."

मला वेळेवर बोलायला कधीच सुचत नाही. पण होड्यांचे बुश आले की मी तुला न सांगता खड्डे सोडू लागले. नखाच्या मुळाशी पांढरा चंद्र असतो ना, तेवढे, आणि नखभरसुद्धा खोल नाहीत. हात फिरवला तर जेमतेम कळतील इतके. होडीचा शाफ्ट हळू फिरतो, दिवसातून दहा वेळा थांबतो, सुरू होतो. तिथे ते लागू पडले. जे बुश वर्षाने परत यायचे ते दोन दोन वर्षं आले नाहीत. तू म्हणालास यंदा माल चांगला मिळाला. मग एक दिवस परत आलेला बुश उलटा करून उजेडात धरलास, बोट फिरवलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि खाली ठेवलास. त्यानंतर सगळे होडीवाले बुश तू न सांगता पडद्यामागे सरकवू लागलास. हेच तुझं शाबासकी देणं होतं. मी तेवढ्यावर खूश राहिले, माझंच चुकलं.

नंतर एका कारखान्याचा मेंटेनन्सवाला माणूस आला होता, पंख्याचा बुश घेऊन. म्हणाला, तुमच्याकडून नेलेला बुश हाताला गार लागतो, बाकीचे तापतात. हे काम करतं कोण? पडद्याआड माझा हात थांबला. तू म्हणालास, "मीच." आणि मग त्याला समजावून सांगितलंस. भार पडतो त्या अंगाला खड्डे उथळ आणि विरळ ठेवायचे, वरच्या अंगाला दाट चालतात. कडेला बोटभर जागा कोरी सोडायची, कारण कडेला उघडा पडलेला खड्डा म्हणजे फुटका माठ, त्यातून तेल वाहून जातं. फुटका माठ हे शब्दसुद्धा माझेच होते. आदल्या आठवड्यात भाकरी थापताना मी तुला तसं सांगितलं होतं. तू इतकं छान सांगितलंस की मला राग आला आणि बरंही वाटलं. तो गेल्यावर तू पडदा सरकवून म्हणालास, "बाई करते म्हटलं तर काम येईल का आपल्याकडे? तूच सांग. आणि तुला तर कुणाशी बोलायला आवडतही नाही." खरं होतं. मला आवडत नाही. माझा लाजाळूपणा तुझ्या किती सोयीचा होता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

एक चूक माझीही झाली होती, तीही लिहिते. पाण्याच्या पंपाचा बुश होता, फार जोरात फिरणारा. मला माझ्या खड्ड्यांचा गर्व झाला होता. मी तो खालच्या अंगालाही दाट खोदला. दोन दिवसांत बुश तापून परत आला. गिऱ्हाईक तुझ्यावर ओरडत होतं, आणि तू म्हणालास, माझी चूक, उद्या दुसरा देतो. मला पडद्यामागे ऐकू येत होतं. तो गेल्यावर मला वाटलं आता मला बोलशील. तू फरशीवर बसलास, बोटाने तेल पसरलंस आणि म्हणालास, "हे बघ. भरधाव गाडीचं टायर पाण्यावर चढतं, तसा जोरात फिरणारा शाफ्ट तेलावर चढतो. तेलच त्याला उचलून धरतं. खाली तुझे खड्डे दाट असले की तेलाचा तो जोर मोडतो. तुझं हळू फिरणाऱ्या शाफ्टला बरोबर आहे, याला नाही." इतक्या प्रेमाने मला कुणी काही शिकवलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. त्यानंतर आपण कितीदा वाद घातला की कुठल्या वेगापासून खड्डे सोडायचे आणि कुठून गुळगुळीत ठेवायचं. तू म्हणायचास मधल्या वेगाचेही गुळगुळीतच बरे, मी म्हणायचे वरच्या अंगाला तरी असू देत. तो वाद अर्धाच राहिला. माझी चूक तू अंगावर घेतलीस, हे मी विसरले नाही. म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

द्वारकाबाईंचा बुश आला तो गेल्या वर्षी, मासेमारी सुरू व्हायच्या आधी. दिवाळ्याची ही बाई नवरा गेल्यावर स्वतः होडी चालवते, म्हणजे होडी मुलगा नेतो आणि हिशेब, बाजार ती पाहते. तिच्या शाफ्टचा बुश मी दोन दिवस खरवडला. निळं असं जुळलं होतं की मला स्वतःलाच कौतुक वाटलं. मग खड्डे सोडले, रॉकेलने धुतला, पुसला, आणि तुझ्या टेबलावर ठेवून मी वर जेवायला गेले.

खाली आले तेव्हा तू तो वर्तमानपत्रात गुंडाळत होतास. कागदाच्या फटीतून तो चमकला. माझा बुश चमकत नाही, दादा. तो मोतिया रंगाचा, मंद असतो. टेबलाच्या कडेला काळपट पॉलिश पेपरचा वळलेला तुकडा पडला होता. मला एका क्षणात सगळं कळलं. खड्डे गेले होते, आणि त्यांच्या जागी पेपरचे कण रुतले होते. द्वारकाबाई टेबलापुढे उभ्या होत्या, त्यांचा मुलगा बाहेर गाडी चालू ठेवून वाट पाहत होता. मी पडद्याजवळ उभी होते. एक पाऊल टाकलं असतं तर पुढे आले असते. तोंड उघडून म्हणायचं होतं, नेऊ नका, मी पुन्हा करून देते. एवढं एक वाक्य होतं. मी ते मनात दोनदा म्हटलं. तोवर त्या बुश घेऊन निघून गेल्या.

हे मी तुला कधी सांगितलं नाही की मी पाहिलं होतं. आणि तू का घासलास हे मी कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी बुश जळाला, शाफ्ट आत अडकून बसला, इंजिन बंद पडलं. ओहोटीला होडी वाहत चालली होती. दुसऱ्या होडीने दोर लावून ओढून आणली म्हणून मुलगा घरी आला. शाफ्टला बोट अडकेल एवढे चरे पडले होते. नवा शाफ्ट, आणि ऐन हंगामातले पंधरा दिवस होडी काठावर. द्वारकाबाई जळालेला बुश पिशवीत घालून आल्या आणि त्यांनी तो तुझ्या टेबलावर आपटला. मी पडद्याआड हात पुसत होते. मला वाटलं, आता तू म्हणशील माझी चूक, जसं पंपाच्या वेळी म्हणाला होतास.

तू हाक मारलीस. "मंदे, बाहेर ये."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा तू मला गिऱ्हाइकापुढे बोलावलंस. मी पदर सारखा करून आले. तू द्वारकाबाईंना म्हणालास, "ही माझी बहीण. हा बुश हिनं केला होता. बाईमाणसाचं काम, राहून गेलं काहीतरी. मी बघायला हवं होतं."

द्वारकाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. अंगाला मासळीचा वास, डोळे लाल. म्हणाल्या, "तुजा भाऊस बोलतो तो खरा काय गो? माजा पोर बुडाला असता. बोल ना, तोंड हाय ना तुला?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू टेबलावरचा बुश फिरवत होतास, माझ्याकडे पाहत नव्हतास. मी खाली मान घातली. तेवढं तुला पुरलं.

त्या गेल्यावर मी तो बुश पडद्यामागे नेला. एकही खड्डा शिल्लक नव्हता. पितळेची पट्टी त्यावर घासली तर पट्टीवर बारीक रेघा उठल्या. कण होतेच. तो मी तुझ्यापुढे ठेवायला हवा होता. मी तो भंगारात टाकला.

शाफ्टचे आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे हप्त्याने द्यायचे तू कबूल केलंस. पहिल्या महिन्याला माझ्या पगाराच्या आठ हजारांतून दोन कापून म्हणालास, "चूक तुझी म्हणून सांगितलंय, तर थोडं तुझ्याकडूनही दिसलं पाहिजे." तू हे हसत म्हणालास, जसं आपण दोघांनी मिळून काही गंमत केली होती. दुसऱ्या महिन्याला हसला नाहीस. तिसऱ्या महिन्यापासून माझ्या हातात सहाच येऊ लागले आणि त्याबद्दल कुणी बोलेना. दिवाळ्याच्या होडीवाल्यांत बातमी पसरली की दिघ्याच्या गाळ्यात काम बाई करते. बुश यायचे कमी झाले. जे येत ते म्हणत, तुमच्या हातून पाहिजे हं, शेठ. आणि तू हो म्हणायचास आणि बुश माझ्याकडे सरकवायचास.

मी रोज ठरवायचे की आज विचारीन. तू नेरूळच्या घरून यायचास, चहा घ्यायचास, लेथ चालू करायचास, आणि लेथच्या आवाजात मला बरं वाटायचं, कारण त्या आवाजात बोलता येत नाही. मग तू आजारी पडलास. दवाखान्यात मी तुझ्या उशाशी तीन दुपारी बसले. एकदा तू माझा हात हातात घेतलास आणि अंगठ्याच्या घट्ट्यावरून बोट फिरवत राहिलास. तुझे ओठ हलले. मी वाकले. तू पाणी मागितलंस.

मी अजूनही मनात धरून बसले आहे की तू पाण्याच्या आधी दुसरं काही म्हणणार होतास. कदाचित नव्हतास. नुसती तहान लागली असेल.

तेरावं झाल्यावर मी वहिनीला विचारलं, द्वारकाबाईंचे दोन हप्ते राहिलेत, ते कसे करायचे. वहिनी म्हणाली, "ते तुमच्या हातून झालं ना, वन्सं? यांनीच मला सांगितलं होतं. मग तुम्हीच बघा." तू तिलाही तेच सांगितलं होतंस. घरी, जेवताना, जिथे कुणी गिऱ्हाईक नव्हतं, जिथे खोटं बोलायची काही गरज नव्हती, तिथेही. दादा, त्या दिवशी मी तुझ्यासाठी रडायची थांबले. आता हे लिहिताना पुन्हा डोळे भरतायत, पण ते कशासाठी ते मला सांगता येत नाही.

एक हप्ता गेल्या महिन्यात पोचवला. द्वारकाबाई घरी नव्हत्या, शेजारणीकडे दिला. शेवटचा काल.

सकाळी दिवाळ्याला गेले. द्वारकाबाई बाजारात पाटीपुढे बसून कोलंबी सोलत होत्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पुसले, नोटा दोनदा मोजल्या आणि मान हलवली. मला तिथून निघता आलं असतं. पाय वळलेही होते. मग मी म्हटलं, मला एक सांगायचंय. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गो. बाजार हाय हा, देऊल नाय."

मी मोठ्याने बोलले. आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या तरी बोलले. "तो बुश दादाने पॉलिश पेपरने घासला होता. मी केला तेव्हा तो चांगला होता. पण घासलेला मी पाहिला होता. तुम्ही न्यायला आलात तेव्हा मी पडद्यामागे उभी होते आणि गप्प बसले."

द्वारकाबाईंच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. मग हळू म्हणाल्या, "माजा पोर बोललेला त्याला. बोललेला, यो खरबरीत दिसतो, नवा वाटत नाय, जरा चमकव. आमी न्यायला आलो तवा. मी तितंच उभी होते, मीपन हसले."

एवढंच होतं, दादा. एका पोराने चमकव म्हटलं आणि तू चमकवलास. बहिणीला वरून बोलावून, हे असं का ठेवलंय ते सांग, एवढं म्हणायचं तुझ्या मनात आलं नाही. कारण मग विचारलं गेलं असतं की केलंय कोणी. पुढे होडी वाहत गेली तेव्हाही तू त्या पोराचं नाव घेतलं नाहीस. गिऱ्हाईक ते. माझं नाव जवळ होतं.

खोटं कशाला बोलू, मला वाटलं आता द्वारकाबाई काही नोटा परत देतील. त्यांनाही तसं वाटलं असावं, कारण त्यांचा अंगठा नोटांवर थांबला. मग शाफ्ट आठवला असेल, काठावर पडलेली होडी आठवली असेल. त्यांनी पाकिटाची घडी घातली आणि कमरेच्या बटव्यात खोचलं.

"तुज्या भावसाचा सगला फिटला," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "त्याचं नाही. मी गप्प बसले त्याचं."

त्यांनी बटव्याची दोरी ओढली. "बरा. तुजा फिटला."